दोन राक्षस आणि नियम पाचवा

सिंगापूरला जहाज नांगरावर असलं की किनाऱ्यावरचे तास मोजून मिळतात. लाँच सकाळी दहाला येणार, दुपारी दोनला परत निघणार. तेवढ्यात कुणी लिटल इंडियात जाऊन डोसा खातो, कुणी घरी फोन लावून निम्मा वेळ बायकोचं ऐकतो, कुणी मुलांसाठी चॉकलेटं घेतो. 2008च्या एप्रिलअखेरीस मला ही चैन नव्हती. मी सेकंड मेट होतो, म्हणजे जहाजावरचे नकाशे माझ्या ताब्यात. नवे चार्ट आणायला मी किनाऱ्यावर निघालो होतो.

कागदी चार्टचे दिवस होते ते. दर आठवड्याला दुरुस्त्यांची पुस्तिका यायची: अमुक बोया हलवला, तमुक दिव्याची लुकलुक बदलली, इथे बुडालेलं जहाज सापडलं. सेकंड मेटनं जांभळ्या शाईची बारीक पेन घेऊन त्या सगळ्या चार्टवर उतरवायच्या आणि खाली कोपऱ्यात दुरुस्तीचा नंबर टाकायचा. सिंगापूरच्या चार्टवर हे काम कधी संपायचंच नाही. हा देश भराव घालून समुद्रात पाऊल टाकत राहतो, आणि किनाऱ्याची रेषा त्याच्यामागून धावते.

मरीना साउथच्या धक्क्यावर जहाजांना सामान पुरवणाऱ्या दुकानाची व्हॅन उभी होती. चालक साठीच्या पुढचे. सिंगापुरात अशा माणसाला नावानं हाक मारत नाहीत, 'अंकल' म्हणतात. चार्टची गुंडाळी मागे ठेवून आम्ही निघालो, तेव्हा अंकल म्हणाले, "वाटेत दहा मिनिटं थांबलो तर चालेल? आजीचा वाढदिवस आहे."

साठीच्या माणसाची आजी! मी मनात तिचं वय मोजू लागलो आणि मान डोलावली. व्हॅन तेलोक आयर नावाच्या रस्त्यावर थांबली. समोर घर नव्हतं, देऊळ होतं. कौलारू छपराच्या टोकांना शेपट्या फुटल्यासारखी वळणं, आढ्यावर समोरासमोर दोन ड्रॅगन, दारात दगडी सिंह. आत जाणाऱ्या माणसांची रांग, धुराचा वास. ती आजी म्हणजे मा-झू-पो. यातला 'पो' आजीबाईंना लावतात. चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या लोकांची ही समुद्रदेवी. चिनी पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यात तेविसाव्या दिवशी तिचा जन्मदिवस असतो.

मी सवयीनं बूट काढायला वाकलो. अंकल हसले. "इथे बूट चालतात. उंबरठ्यावर पाय मात्र ठेवू नका, ओलांडून या. आणि उजवीकडून आत, डावीकडून बाहेर." उजवी बाजू ड्रॅगनची, डावी वाघाची. मला बरं वाटलं. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत जहाजांनाही आपापली उजवी बाजू धरूनच जावं लागतं. वर्षाला ऐंशी हजारांहून अधिक जहाजं जाणाऱ्या त्या वाटेत दुसरा इलाजच नाही. देवळालाही वाहतुकीचे नियम होते, तेही ओळखीचे.

देवळाचं नाव थियान हॉक केंग. स्वर्गीय सुखाचा महाल, असा काहीसा अर्थ. 1820च्या सुमारास इथे उदबत्ती लावायची एक साधी खोपटी होती. फुजियानहून डोलकाठ्यांच्या जहाजांतून आलेली माणसं किनाऱ्याला पाय लागला की आधी इथे यायची, जिवंत पोहोचलो म्हणून सांगायला. मग घर, मग काम, मग जेवण. 1839 ते 1842 या काळात आजचं देऊळ उभं राहिलं. सर्वांत मोठ्या देणगीदारांत तान तोक सेंग हे मलाक्कात जन्मलेले व्यापारी होते. सिंगापुरात आजही त्यांच्या नावाचं मोठं रुग्णालय आहे. लाकूड, दगड, कारागीर, सगळं चीनमधून आलं. देवीची मूर्तीही 1840मध्ये समुद्रावरून आली आणि तिची मिरवणूक निघाली. अंकलनी वर बोट दाखवलं. तुळईवर तुळई, खाचेत खाच बसवलेली. "खिळा नाही," ते म्हणाले. जहाजावर आम्ही गंजलेल्या बोल्टशी रोज झगडतो. मी जरा जास्तच वेळ वर बघत राहिलो.

"समुद्र कुठे आहे?" मी विचारलं. समुद्रकाठचं देऊळ म्हणतात, आणि समोर डांबरी रस्ता, त्यापलीकडे काचेच्या इमारती.

"होता ना. इथेच." अंकलनी दारातून रस्त्याकडे हात केला. तेलोक आयर हे मलय भाषेतलं नाव. त्यातला तेलोक म्हणजे उपसागर, आयर म्हणजे पाणी. एकोणिसाव्या शतकात 1879पासून इथे भराव पडला आणि पाणी देवळापासून लांब गेलं. मी जांभळ्या शाईनं दुरुस्त करत होतो ती रेषा एके काळी या पायरीला लागून होती. त्याच रस्त्यावर थोडं पुढे नागोर दर्गा आहे, 1828 ते 1830मध्ये बांधलेला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून आलेल्या मुसलमानांनी नागोरच्या शाहुल हमीद या संताच्या स्मरणार्थ तो उभारला. तेही दर्यावर्दींची राखण करणारे. दोन देशांची माणसं एकाच काठावर उतरली आणि दोघांनीही पहिलं काम तेच केलं.

आतल्या अंगणात आम्ही बाकावर बसलो. मुख्य गाभाऱ्यात मा-झू. तिथल्या एका फलकावर सोनेरी अक्षरं होती. चीनचा सम्राट ग्वांगशू यानं 1907मध्ये दिलेला लेख, अर्थ असा की दक्षिणेच्या समुद्रात लाटा शांत आहेत. अंकलनी दहा मिनिटांचा हिशोब केव्हाच सोडला होता. त्यांनी मला आजीची गोष्ट सांगायला घेतली.

फुजियानच्या किनाऱ्याजवळ मेझोऊ नावाचं बेट आहे. तिथे 960 साली लिन कुटुंबात एक मुलगी झाली. जन्मल्यावर महिनाभर रडलीच नाही, म्हणून तिचं नाव मो, म्हणजे अबोल. सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. त्याआधीची ही गोष्ट. वडील आणि भाऊ होड्या घेऊन समुद्रात गेलेले, वादळ उठलं. मुलगी घरात मागावर विणत बसली होती. बसल्या जागी तिचे डोळे मिटले, हात थांबले. तिचा जीव शरीरातून निघून समुद्रावर गेला होता. भावांना तिनं दोन हातांनी धरलं, वडिलांना दातांत. किनारा जवळ येत होता. इतक्यात आई खोलीत आली. पोरगी निपचित पडलेली पाहून घाबरली. हलवू लागली, नावानं हाका मारू लागली. मुलीला आईचा आवाज ऐकू आला. तिनं ओ दिली.

"ओ द्यायला तोंड उघडावं लागतं," अंकल म्हणाले.

भाऊ परत आले. वडील आले नाहीत.

मी काही बोललो नाही. अंकलना वाटलं असेल गोष्ट आवडली. माझ्या डोळ्यांसमोर सहा आठवड्यांपूर्वीची रात्र उभी होती.

मार्चमध्ये आम्ही मुरगाव बंदरात लोहखनिज भरलं होतं. गोव्याचं खनिज चीनला नेणारी जहाजं तेव्हा एकामागून एक लागायची. सत्तर हजार टन माल, तेरा नॉट वेग. लंकेला वळसा घालून मलाक्काची सामुद्रधुनी, मग सिंगापूर, मग दक्षिण चीन समुद्र. सिंगापूर पार होईपर्यंत कॅप्टनसाहेब ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतच होते. दुसऱ्या रात्री ते थकून झोपले होते, आणि बारा ते चारचा वॉच माझा. व्हिएतनामचा किनारा लांब डावीकडे. चंद्र नव्हता. लुकआउटला, म्हणजे पहाऱ्याला असलेल्या खलाशाला मीच कॉफी करायला खाली पाठवलं होतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी सॅटेलाइट फोन वाजला. पश्चिमेकडच्या कुठल्याशा ऑफिसात संध्याकाळ होती आणि कुणाला तरी घरी जाण्यापूर्वी आमची ई.टी.ए. हवी होती, म्हणजे चीनच्या बंदरात आम्ही कधी पोहोचू ते. माणूस सभ्य होता, उशिरा त्रास देतोय म्हणून माफीही मागितली. मी चार्टटेबलापाशी गेलो, पडदा ओढला. ब्रिजवर उजेड पडू नये म्हणून तो पडदा असतो. लाल दिव्याखाली अंतर मोजलं, भागाकार केला, वेळ सांगितली. त्यांनी ती परत वाचून दाखवली. चार मिनिटं, फार तर पाच.

पडदा सारून बाहेर आलो तेव्हा समोर, किंचित डावीकडे, एक पिवळा ठिपका वरखाली होत होता. दिवा नव्हे, कुणीतरी हातात बॅटरी घेऊन हलवत होतं. लाकडी होडी. रडारवर लाटांच्या पसाऱ्यात हरवलेली, दुसरा कसला दिवा नाही. एवढ्या वजनाचं जहाज ब्रेक लावून थांबत नाही, त्याला मैल लागतात. ऑटोपायलट काढला, सुकाणू हातात घेतलं, पूर्ण उजवीकडे. जहाजाचं नाक वळायला लागलं, पण नाक उजवीकडे गेलं की शेपूट डावीकडे फिरतं, आणि डावीकडेच ती होडी. म्हणून ती मध्यावर आली तसं सुकाणू पूर्ण उलट फिरवलं. हे पुस्तकात असतं. हातांनी ते त्या रात्री पहिल्यांदा केलं.

ब्रिजच्या डावीकडच्या उघड्या सज्जावर, विंगवर धावलो. खाली खोल अंधारात माणसं ओरडत होती. भाषा कळत नव्हती, पण ओरडणं कळलं. तीन आवाज, की चार. मग आमच्याच लाटेचा आवाज, मग काही नाही. मागे, बऱ्याच मागे, बॅटरीसारखं काहीतरी पुन्हा दिसलं असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

मी हर्णैचा. संध्याकाळी बंदरात परतणाऱ्या होड्या मोजणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. एखादी कमी भरली की त्या बोलायच्या थांबतात. मोठी जहाजं आमच्या होड्यांकडे बघतच नाहीत, हे मी शेजाऱ्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. त्या रात्री ते मोठं जहाज मी होतो.

लॉगबुकात मी एक ओळ लिहिली: मासेमारी होडीसाठी मार्ग बदलला. खोटं काहीच नव्हतं त्यात. सकाळी नाश्त्याला कॅप्टनसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"फोनवर काय हवं होतं?"

"ई.टी.ए."

"दिलीत?"

"हो सर."

"बरोबर होती?"

"हो सर."

"मग त्यांचं काम झालं," ते म्हणाले आणि टोस्टला लोणी लावू लागले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर ते मी एव्हाना विसरलो असतो.

अंकलनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ते दोघे पाहिलेत का?"

देवीच्या दोन बाजूंना दोन राक्षस. एकानं डोळ्यांवर हात धरून लांब बघायची खूण केलेली, दुसरा कानाशी हात नेऊन ऐकणारा. गोष्टीतले हे आधीचे उपद्रवी. दोघांना देवीशी लग्न करायचं होतं, तिनं दोघांना हरवलं आणि पदरी ठेवलं. एकाचं नाव हजार मैल पाहणारा डोळा, दुसऱ्याचं वाऱ्यावरचं ऐकणारा कान. देवळांतून बहुधा एकाला लाल रंगवतात, एकाला हिरवा. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. हा योगायोगच, पण मी हसायला विसरलो.

कारण समुद्रावरचे रस्त्याचे नियम मला पाठ होते. परीक्षेत शब्दही चुकवून चालत नाही. त्यातला पाचवा नियम असा, की प्रत्येक जहाजानं सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी, आणि हाती असलेल्या सर्व साधनांनी, नीट पहारा ठेवायचा. रडार, आसपासच्या जहाजांची ओळख सांगणारी ए.आय.एस., रेडिओ हे सगळं नंतर. आधी डोळे, मग कान. हा नियम लिहिणाऱ्यांनी ते दोन राक्षस पाहिले नसतील. फुजियानच्या दर्यावर्दींनी नियमांचं पुस्तक पाहिलं नव्हतं. वादळात बुडून गेलेल्या माणसांकडून दोघेही एकच गोष्ट शिकले होते.

मी इतका वेळ समजत होतो की देवी म्हणजे वादळ शमवणारी. पण गोष्टीत तिनं वादळ शमवलंच नाही. तिनं फक्त धरून ठेवलं. आणि चूक म्हणावी तर तीही कुणाची? आईची हाक मायेची होती. फोनवरचा माणूसही सभ्य होता. ओ देणं हे चांगल्या मुलीचं आणि चांगल्या अधिकाऱ्याचं लक्षण. म्हणूनच ते अवघड.

अंकल तोवर उठून उदबत्त्या लावून आले होते. त्यांच्या हातात लाकडाचे दोन तुकडे होते, चंद्रकोरीसारखे, एका बाजूनं सपाट, दुसरीकडून फुगीर. प्रश्न मनात धरून जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर आजीचं उत्तर 'हो'. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात, ते मी पाहत वाढलो. समजावून सांगायची गरज नव्हती.

"विचारा काहीतरी," म्हणत त्यांनी ते माझ्या हातात दिले. लाकूड हजारो हातांनी गुळगुळीत झालेलं होतं. मला एकच विचारायचं होतं: ती होडी घरी पोहोचली का?

टाकले नाहीत. हे विचारायची वेळ त्या रात्री होती. जहाज वळवून, दिवे लावून, कॅप्टनना उठवून मागे जाऊन बघता आलं असतं. तेव्हा मी लॉगबुक उघडलं. आता हे लाकडाला विचारणं म्हणजे उत्तर आवडेल तसं पडेपर्यंत टाकत राहणं. मी तुकडे अंकलच्या हातात परत दिले. त्यांनी कारण विचारलं नाही.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. चीनच्या सम्राटांनी या मुलीला पदव्यांवर पदव्या दिल्या. स्वर्गाची सम्राज्ञीसुद्धा केलं. पण संकटात सापडलेला खलाशी तिला त्या नावानं कधी हाक मारत नाही. सम्राज्ञी म्हटलं तर तिला साजशृंगार करून, राजवस्त्रं नेसून यावं लागेल, तोवर माणूस बुडेल. मा-झू म्हटलं की ती आहे तशी, केस मोकळे सोडून धावत येते. अंकल हे सांगताना व्हॅनची चावी शोधत होते. त्यांच्यासाठी ही रोजच्या वापरातली माहिती होती.

लाँच दोनला सुटली. मी चार्टची गुंडाळी मांडीवर धरून बसलो होतो.

पुढे मी चीफ मेट झालो, मग मास्टर, म्हणजे कॅप्टन. थियान हॉक केंगला पुन्हा गेलो तेव्हा देवळामागच्या भिंतीवर एक लांबलचक चित्र होतं, 2017मध्ये यिप यू चोंग या चित्रकारानं काढलेलं, 44 मीटरचं. फुजियानहून निघालेली माणसं, समुद्र, हमालांची ओझी, दुकानं, संसार. देवळासमोरचा गेलेला समुद्र त्यानं निदान भिंतीवर परत आणला होता. अंकलची चौकशी केली. ते निवृत्त झाले होते. व्हॅन आता दुसरा कुणी चालवत होता, त्याला वाटेत थांबायला वेळ नव्हता.

प्रत्येक कॅप्टन ब्रिजवर आपल्या कायमच्या हुकमांची एक वही ठेवतो. नवा अधिकारी आला की ती वाचून सही करतो. माझ्या वहीत बाकी सगळं इतरांसारखंच होतं: शंका आली तर मला उठवा, अमुक अंतराच्या आत कुणाला येऊ देऊ नका. एक ओळ मात्र माझी होती. समोर रहदारी असताना फोन वाजला तर वाजू द्या, मग तो कुणाचाही असो. एका तपासणीत एका गृहस्थांनी ती ओळ वाचून भुवया उंचावल्या. संपर्क तुटतो, म्हणाले. मी ओळ खोडली नाही.

शेवटच्या वर्षांत एका रात्री आम्ही पुन्हा व्हिएतनामच्या बाजूनं वर जात होतो. एक वाजून गेला होता. मला झोप येईना. एजंटच्या पत्रातल्या एका आकड्याबद्दल शंका आली म्हणून मी केबिनमधून ब्रिजवर फोन लावला. वॉचवर सेकंड मेट होती, पुण्याची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची, दुसऱ्याच फेरीला माझ्यासोबत. फोन वाजत राहिला. मी ठेवला, पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. खरं सांगतो, दुसऱ्या वेळी मला राग आला. कॅप्टनचा फोन आहे हा.

चप्पल अडकवून जिना चढलो. ब्रिजवर काळोख होता, रडारचा मंद उजेड तेवढा. लुकआउट उजव्या विंगवर उभा होता, दार उघडं ठेवून, बाहेरचं ऐकता यावं म्हणून. ती पुढच्या काचेशी दुर्बीण लावून उभी होती. माझी चाहूल लागली तरी मान वळवली नाही.

"सर, समोर होड्या आहेत," ती म्हणाली. "आठ मोजल्या. नववी असावी असं वाटतंय."

मी पडद्याजवळच थांबलो आणि काही बोललो नाही.